तैनाती फौज : देवगड ते जाफना
(इयत्ता नववी ते बारावीसाठी अभ्यासलेख. पालकांनीही अवश्य वाचावा.)
– प्राचार्य





प्रजासत्ताक दिनाला आपल्या शाळेत ध्वजवंदनासाठी महार रेजिमेंटचे एक निवृत्त सुभेदारसाहेब आले होते, हे आपणास आठवत असेल. १९८७ साली ते भारतीय शांतिसेनेबरोबर श्रीलंकेत होते. मुलांनी त्यांना पुष्कळ प्रश्न विचारले. बंदूक किती किलोची असते, जहाजातून गेलात की विमानातून, तिथे जेवायला काय मिळायचे, असे. सुभेदारसाहेब हसतखेळत उत्तरे देत होते. मग नववीतला एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "आजोबा, लंकेत आपण जिंकलो की हरलो?"

सुभेदारसाहेब जरा वेळ बोललेच नाहीत. नंतर म्हणाले, "बेटा, जाफना आम्ही घेतलं होतं. पुढचं तू तुझ्या सरांना विचार."

सर म्हणजे मी. मी माइकवर "सविस्तर लिहून सांगीन" असे म्हणून वेळ मारून नेली आणि राष्ट्रगीत सुरू झाले. पण प्रश्न मनातून गेला नाही. हा लेख म्हणजे त्या मुलाला दिलेले उत्तर आहे. माझे सगळे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, मराठी ती घरात ऐकलेली. तेव्हा कुठे वाक्यरचनेत हिंदी डोकावली तर सांभाळून घ्यावे.

प्रश्न नुसता लंकेचा नाही. एखाद्या देशात राज्य कोणी करावे यावर तिथल्याच लोकांचे दोन किंवा अधिक तट पडले आहेत, मारामारी सुरू आहे, अशा वेळी बाहेरची फौज जाऊन तिथे शांतता बसवू शकते का? काय करू शकते आणि काय नाही? याची उदाहरणे शोधायला फार लांब जावे लागत नाही. आपण ज्या जमिनीवर राहतो, तिच्यावरच दोनदा हे घडलेले आहे.

राणीने बोलावले म्हणून

नागपूर शहर वसवले ते देवगडच्या गोंड राजाने, बख्त बुलंद शाहाने, १७०२ च्या सुमारास. देवगड म्हणजे आपल्या शेजारच्या छिंदवाडा जिल्ह्यातले. त्याच्या मागून चांद सुलतान गादीवर आला आणि त्याने राजधानी नागपूरला आणली. चांद सुलतान १७३८-३९ च्या सुमारास वारला आणि गादीचा तंटा सुरू झाला. राजघराण्यातल्याच वली शाहाने राज्य बळकावले. राजाची विधवा राणी रतनकुंवर हिला आपल्या मुलांचा हक्क राखायचा होता. हाताशी फौज नव्हती. वऱ्हाडात रघूजी भोसले होते, त्यांच्याजवळ ती होती. राणीने त्यांना बोलावले.

रघूजी आले, वली शाहाला कैद केले, राणीच्या मुलांना, बुऱ्हाण शाह आणि अकबर शाह यांना, गादीवर बसवले, मोबदला घेतला आणि परत गेले. इथपर्यंत गोष्ट चांगली आहे. बाहेरच्या फौजेला एक नेमके काम दिले होते, ते झाले, फौज परतली.

पण भांडणाचे मूळ कुठे गेले होते? ते जागेवरच होते. दोन भाऊ, एक गादी, आणि दोघांनाही आता माहीत झालेले की आपसात मिटवण्याची गरज नाही, वऱ्हाडातून फौज आणता येते. काही वर्षांतच भावांचे बिनसले. १७४३ मध्ये बुऱ्हाण शाहाने रघूजींना पुन्हा बोलावले. रघूजी पुन्हा आले आणि अकबर शाहाला हुसकावून लावले. तो निजामाच्या आश्रयाला हैदराबादेस गेला आणि तिकडेच मेला. या खेपेला मात्र भोसल्यांची फौज परत गेली नाही. बुऱ्हाण शाहाला राजा ही पदवी राहिली, तनखा राहिला. कारभार, खजिना व किल्ले रघूजींकडे आले. नागपूर भोसल्यांची राजधानी झाली.

या लेखाचा कच्चा मसुदा मी विश्वस्त मंडळातील एका ज्येष्ठ सदस्यांना दाखवला. त्यांना ही गोष्ट इथे घालणे फारसे पसंत पडले नाही. ते म्हणाले, "रघूजीराजे आपले. त्यांना परकी फौज कशी म्हणता?" त्यांचा आदर राखून सांगतो. आपल्यापैकी पुष्कळ घराणी भोसल्यांच्या अमदानीत किंवा नंतर नागपूर मध्य प्रांताची राजधानी असताना चाकरीच्या निमित्ताने इकडे आली. १९५६ पर्यंत नागपूर व बालाघाट एकाच प्रांतात होते. भोसल्यांबद्दल आपल्याला आपलेपण वाटणे साहजिक आहे, मलाही वाटते. परंतु आपल्या वर्गात गोंड मुलेही बसतात. बैहरकडून येणाऱ्या मुलीने हाच धडा वाचला तर तिच्या बाजूने तो कसा दिसेल, हेही शिक्षकाला पाहावे लागते. बंगालमध्ये बाळाला झोपवण्याच्या एका जुन्या अंगाईत बर्गी येतात. बर्गी म्हणजे बारगीर, म्हणजे ह्याच रघूजींनी १७४२ पासून तिकडे पाठवलेले आपले घोडेस्वार. आपण स्वतःला नेहमी घरचेच समजतो. समोरचा काय समजतो ते त्याला विचारावे लागते.

सीताबर्डीचा तह आणि सीताबर्डीची लढाई

त्रेसष्ट-चौसष्ट वर्षांनी नव्हे, बरोबर त्र्याहत्तर वर्षांनी भोसल्यांच्या घरात तेच नाटक झाले, फक्त पात्रे बदलली.

मार्च १८१६ मध्ये दुसरे रघूजी वारले. त्यांचा मुलगा परसोजी शरीराने व मनाने दुबळा होता, राज्य चालवणे त्याला शक्य नव्हते. दरबारात दोन तट पडले. एका बाजूला बाकाबाई व तिच्या बाजूचे सरदार, दुसऱ्या बाजूला परसोजीचा चुलतभाऊ आप्पासाहेब. आप्पासाहेबांना कारभार हवा होता, पण आपल्या तटाची त्यांना खात्री नव्हती. इंग्रज रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स शेजारीच सीताबर्डीला बसलेला. आप्पासाहेबांनी मे १८१६ मध्ये गुपचूप त्याच्याशी तह केला. कंपनीची फौज नागपूर राज्यात राहील, तिचा खर्च नागपूरचा खजिना देईल आणि फौज राज्याचे रक्षण करील, असा तो तह. यालाच इतिहासात तैनाती फौज म्हणतात. दहावीच्या मुलांना ही व्याख्या पाठ असते. दोन गुणांचा प्रश्न हमखास येतो. पण ती व्याख्या म्हणजे काय ते नागपूरच्या गोष्टीत दिसते.

फौज आली तशी आप्पासाहेबांची बाजू पक्की झाली. फेब्रुवारी १८१७ मध्ये परसोजी बिछान्यात मृत सापडला. त्याला आप्पासाहेबांनीच मारविले, असा आरोप पुढे त्यांच्यावर आला. आता आप्पासाहेब स्वतः राजे झाले. आणि राजे झाल्यावर त्यांना उमगले की दारात उभी असलेली फौज आपली नाही. ती ज्याच्या हुकमाने उभी आहे तो सीताबर्डीच्या बंगल्यात राहतो. ज्या शिडीने वर चढले ती आता त्यांना ढकलायची होती. पुण्यात पेशव्यांनी इंग्रजांशी लढाई सुरू केली तसे आप्पासाहेबांनीही ठरवले. २६ नोव्हेंबर १८१७ च्या संध्याकाळी सीताबर्डीच्या टेकड्यांवर तोफा सुरू झाल्या. कंपनीचे शिपाई सुमारे चौदाशे, भोसल्यांचे सैन्य त्याच्या दहापटीहून जास्त, त्यात अरबांच्या कडव्या तुकड्या. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत अरबांनी एक टेकडी घेतलीही होती. तरी लढाई इंग्रजांनी जिंकली. डिसेंबरात जनरल डव्हटनची मोठी फौज आली आणि नागपूर पडले.

माझ्या कॉलेजच्या हिंदी पुस्तकांत या लढाईला दोन ओळी होत्या. माझ्या मते ती फार शिकवणारी लढाई आहे. ज्याच्या रक्षणासाठी फौज आणली, त्यानेच दीड वर्षात तिच्यावर तोफा डागल्या. सुभेदारसाहेब जाफन्याबद्दल सांगत होते तेव्हा मला हीच टेकडी आठवत होती.

पुढे काय झाले? इंग्रजांनी आप्पासाहेबांना आधी परत गादीवर बसवले, मग कटाच्या संशयावरून १८१८ च्या मार्चमध्ये पकडले. प्रयागला नेत असताना ते पहाऱ्यातून निसटले आणि महादेवाच्या डोंगरात शिरले. पचमढीच्या बाजूचे गोंड जमीनदार त्यांना मिळाले. पाऊणशे वर्षांपूर्वी भोसल्यांनी ज्यांचे राज्य घेतले त्यांच्याच जातभाईंनी भोसल्याला आसरा दिला. बाहेरचा अधिक बाहेरचा दिसू लागला की घरची जुनी वैरे काही काळ बाजूला पडतात. हे वाक्य लक्षात ठेवा, लंकेत ते पुन्हा कामी येईल.

नागपूरच्या गादीवर इंग्रजांनी एक लहान मुलगा दत्तक बसवला, तिसरे रघूजी. त्याच्या नावाने जेंकिन्सने अनेक वर्षे राज्य चालवले. शांतता होती हे खरे. ११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरे रघूजी निपुत्रिक वारले आणि १८५४ मध्ये डलहौसीने राज्य खालसा केले. तैनाती फौजेने राज्याचे रक्षण केले, इतके की शेवटी रक्षण करायला राज्यच उरले नाही.

म्हणजे देवगड काय आणि नागपूर काय, बाहेरची फौज 'यशस्वी' झाली ती घराची मालक होऊन. फुटलेले घर तिने सांधले नाही. घर स्वतःच्या नावावर करून घेतले आणि मग आत शांतता ठेवली. आजच्या काळात, आणि विशेषतः आपल्यासारख्या देशाला, हा मार्ग नको आहे. मग मालक न होता, दुसऱ्याच्या घरात शांतता बसवून परत येता येते का? श्रीलंकेत भारताने हेच करून पाहिले.

शांतिसेना

१९८७ साली मी कॉलेजात होतो. वाचनालयात हिंदी वर्तमानपत्रासाठी रांग लागायची. २९ जुलै १९८७ रोजी कोलंबोत राजीव गांधी व राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी करारावर सह्या केल्या. दुसऱ्याच दिवशी मानवंदना घेताना एका लंकन नौसैनिकाने राजीवजींवर बंदुकीच्या दस्त्याने वार केला. तो फोटो आम्ही सर्वांनी पाहिला. आम्ही चिडलो. पण ज्या देशाला मदत करायला निघालो आहोत, तिथला मानवंदनेतला शिपाईच असा का वागतो, हे कोणी विचारले नाही. मीही नाही.

करार असा होता : तामिळ अतिरेकी संघटनांनी शस्त्रे खाली ठेवायची, लंकेच्या सैन्याने छावण्यांत परत जायचे, उत्तर व पूर्व प्रांत जोडून तिथे निवडून आलेले प्रांतिक सरकार आणायचे आणि हे सर्व नीट पार पडते की नाही ते भारतीय सैन्याने पाहायचे. कागदावर समंजस करार. परंतु सही होती दोन सरकारांची. जे लढत होते त्या प्रभाकरनच्या लिट्टे संघटनेची सही त्यावर नव्हती. लग्न ठरले, पत्रिका छापल्या, पण नवरदेवाला कोणी विचारलेच नाही, तसे झाले.

आपले सैनिक गेले तेव्हा जाफन्याच्या तामिळांनी त्यांना हार घातले. थोडीबहुत शस्त्रे जमा झाली. ऑक्टोबरात सगळे फिसकटले आणि ज्यांच्या रक्षणासाठी गेलो त्यांच्यातल्याच लढवय्यांशी लढाई सुरू झाली. ११ ऑक्टोबरच्या रात्री जाफना विद्यापीठाच्या मैदानावर हेलिकॉप्टरने उतरवलेली शीख लाइट इन्फंट्रीची तीस जणांची तुकडी. तिच्यातला एकच जिवंत राहिला. ऑक्टोबर संपेपर्यंत जाफना शहर आपल्या ताब्यात आले. सुभेदारसाहेब म्हणाले ते खरेच आहे, जाफना आपण घेतले होते.

महार रेजिमेंटचे केंद्र आपल्या मध्य प्रदेशात, सागरला आहे. त्या वेळचे सेनाप्रमुख जनरल सुंदरजी हेही मूळ महार रेजिमेंटचेच. या रेजिमेंटच्या आठव्या बटालियनमधले मेजर रामस्वामी परमेश्वरन मुंबईचे. २५ नोव्हेंबर १९८७ च्या रात्री शोधमोहिमेवरून परतताना त्यांच्या तुकडीवर हल्ला झाला. त्यांनी शत्रूला मागून घेरले. हातघाईत एकाने त्यांच्या छातीत गोळी घातली. त्यांनी त्याचीच रायफल हिसकावून त्याला मारले आणि प्राण जाईपर्यंत जवानांना हुकूम देत राहिले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. मुलांनो, या शौर्याबद्दल माझ्या मनात किंचितही शंका नाही. फौज कमी पडली म्हणून लंकेत काम अर्धवट राहिले, असे कोणी म्हणाले तर मी ते मान्य करणार नाही.

पण याच लेखात दुसरी गोष्टही लिहिली पाहिजे. २१ ऑक्टोबर १९८७ रोजी जाफन्याच्या इस्पितळात भारतीय सैन्याच्या गोळ्यांनी रुग्ण, डॉक्टर आणि परिचारिका मारल्या गेल्या. मी हे सुभेदारसाहेबांना घरी जाऊन विचारले. ते त्या जागी नव्हते. म्हणाले, "सर, आम्हाला तामिळ येत नव्हतं. साडी नेसलेली बाई समोरून येते, हातात टोपली. टोपलीत भाजी आहे की बॉम्ब, ते विचारायचं कोणत्या भाषेत? चार वेळा भाजी निघते. पाचव्या वेळी तुमचा मित्र जातो. मग सहाव्या बाईचं काय होतं ते तुम्हीच समजा." त्यांच्या पत्नी चहा घेऊन आल्या तेव्हा त्यांनी विषय बदलला.

परकी फौज म्हणजे काय, याची याहून नेमकी व्याख्या मला पुस्तकांत मिळाली नाही. बंदूक तीच, शिस्त तीच, पण समोरच्या गर्दीतला माणूस कोण, हे तिला कळत नाही. आणि दर चुकीबरोबर गावातले आणखी दहा लोक विरुद्ध बाजूला जातात.

उत्तरेत हे चालू असताना दक्षिणेत सिंहली तरुणांची जेव्हीपी नावाची संघटना भारतीय सैन्याच्याच विरोधात उठाव करीत होती. तामिळांना वाटे भारत लंका सरकारचा, सिंहलींना वाटे भारत तामिळांचा. डिसेंबर १९८८ मध्ये प्रेमदासा राष्ट्राध्यक्ष निवडून आले. जून १९८९ मध्ये त्यांनी भारतीय सैन्याने निघून जावे अशी जाहीर मागणी केली. एवढेच नव्हे, आपल्या सैन्याशी लढायला त्यांच्या सरकारने लिट्टेला शस्त्रेही पुरवली. ते दोघे एकमेकांचे हाडवैरी होते. आप्पासाहेब आणि महादेव डोंगरातले गोंड आठवले का?

शांतिसेनेची शेवटची तुकडी २४ मार्च १९९० रोजी लंकेतून निघाली. अकराशेहून अधिक भारतीय जवान तिथे कामी आले. आपल्या मदतीने उभे राहिलेले प्रांतिक सरकार आपण निघताच कोसळले. त्याच्या रक्षणासाठी तयार केलेली स्थानिक फौज लिट्टेपुढे टिकली नाही. लिट्टे व सरकार यांची मैत्रीही काही महिन्यांतच संपली. २१ मे १९९१ ला श्रीपेरुंबुदूर येथे राजीव गांधींची आणि १ मे १९९३ ला कोलंबोत प्रेमदासांची हत्या झाली. युद्ध संपले ते मे २००९ मध्ये, लंकेच्या स्वतःच्या सैन्याने लिट्टेचा पाडाव केल्यावर. त्यातही हजारो सामान्य तामिळ मारले गेले आणि मूळ प्रश्न, म्हणजे तामिळांचा राज्यकारभारातला वाटा किती, तो त्यानंतरही वादाचाच राहिला.

अफगाणिस्तान तर तुमच्यातल्या मोठ्या मुलांनी टीव्हीवर पाहिले आहे. अमेरिकेसारखा देश, वीस वर्षे, अमाप पैसा, कागदावर तीन लाखांची अफगाण फौज. आणि १५ ऑगस्ट २०२१ ला काबूल जवळजवळ न लढता तालिबानच्या हाती गेले. इतक्या लांब न जाता लंकेतच ते आधी दिसले होते, म्हणून मी त्यावर अधिक लिहीत नाही.

मग बाहेरची फौज कधीच उपयोगी पडत नाही का? पडते. १९७१ मध्ये आपले सैन्य पूर्व पाकिस्तानात गेले, डिसेंबरात युद्ध जिंकले आणि मार्च १९७२ मध्ये परतले. तिथे राज्य कोणी करावे याचा निकाल लोकांनी १९७० च्या निवडणुकीत आधीच दिलेला होता. फौजेने तो निकाल दाबणाऱ्याला हटवले, निकाल स्वतः लावला नाही. नोव्हेंबर १९८८ मध्ये, म्हणजे लंकेत अडकलेलो असतानाच, मालदीवमध्ये भाडोत्री हल्लेखोरांनी सत्ता घेण्याचा प्रयत्न केला. आपले छत्रीधारी सैनिक रात्रीतून माले येथे पोचले आणि बंड मोडले. सैन्य तेच, वर्षही जवळपास तेच. पण मालेत देश दुभंगलेला नव्हता. घरात चोर शिरले होते, त्यांना पकडायचे होते. लंकेत घरातलेच भाऊ भांडत होते.

तेव्हा नववीतल्या त्या मुलाला माझे उत्तर असे. जाफना शहर घेणे हे सैन्याचे काम होते, ते सैन्याने केले, त्यात आपण जिंकलो. तामिळ व सिंहली यांनी एका देशात कसे राहावे, हे ठरवणे सैन्याचे कामच नव्हते. ते काम सैन्याच्या खांद्यावर ठेवले गेले. ठेवणारे दिल्लीत आणि कोलंबोत होते. त्यात हार झाली, पण ती सुभेदारसाहेबांची किंवा परमेश्वरन यांची नव्हे. "जिंकलो की हरलो" याचे एका शब्दात उत्तर परीक्षेत लिहू नये. लिहिल्यास मी गुण देणार नाही.

लेख छापायला देण्यापूर्वी मी तो सुभेदारसाहेबांना वाचून दाखवला. इस्पितळाचा परिच्छेद काढायचा का, असेही विचारले. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "राहू द्या. मुलं मोठी होऊन फौजेत जातील, काही दिल्लीत जातील. दोघांनी वाचावं."

सूचना : आठवी व नववीच्या विद्यार्थ्यांनी आपले घराणे बालाघाटला कोणाच्या काळात व कोणत्या निमित्ताने आले, आणि त्या वेळी येथे कोण राहत होते, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून एक पानभर लिहून आणावे. गोंड, पोवार व इतर विद्यार्थ्यांनी आपल्या घरी सांगितल्या जाणाऱ्या जुन्या गोष्टी लिहाव्यात, गोंडी किंवा पोवारीत लिहिल्या तरी चालतील. लांजीच्या किल्ल्याविषयी कोणाच्या आजीआजोबांना काही माहीत असल्यास तेही लिहावे. कागद माझ्याकडे थेट दिले तरी चालतील.